सूक्ष्म बुडबुडे, अल्ट्रासाउंड आणि रक्तवाहिनीची भिंत : नेमके काय घडते?

मुक्ता (प्रश्न)

मी शरीरक्रियाशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. अल्ट्रासाउंड तपासणीत हृदय किंवा यकृत अधिक स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात. त्या बुडबुड्यांचा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर काय परिणाम होतो, या विषयावर मला विभागात चर्चासत्र घ्यायचे आहे. मूलभूत माहिती मी वाचलेली आहे. हे बुडबुडे साधारण १ ते १० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. बहुतेकांचा व्यास ३ मायक्रोमीटरच्या आतच भरतो, म्हणजे ते लाल रक्तपेशीहून लहान असतात. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुरोकार्बनसारखा रक्तात सहज न विरघळणारा वायू असतो आणि बाहेर फॉस्फोलिपिडचे किंवा अल्ब्युमिनचे पातळ कवच असते. ध्वनीच्या दाबाबरोबर हे बुडबुडे फुगतात आणि आक्रसतात, इथपर्यंत मला समजले आहे.

माझी अडचण त्यापुढची आहे. काही लेखांत ‘बुडबुडा फुटतो, त्यातून द्रवाची सूक्ष्म धार निघते आणि ती भिंतीला भोक पाडते’ असे थेट लिहिलेले आढळते. दुसरीकडे, हेच बुडबुडे वापरून मेंदूतील रक्तवाहिन्यांचा अडथळा, म्हणजे रक्तातील बहुतेक पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी त्यांच्या भिंतीची आड, काही तासांपुरता उघडता येतो आणि तो पुन्हा आपोआप मिटतो, असेही वाचायला मिळते. भिंतीला खरोखरच भोक पडत असेल, तर ती इतक्या नीट मिटते कशी? आणि भोक पडत नसेल, तर मोठे रेणू पलीकडे जातात कोणत्या वाटेने? पेशींमधले सांधे यांत्रिक ताणाने उसवतात, की धक्का जाणवल्यावर पेशी स्वतःच ते सैल करतात, याबद्दलही मला स्पष्ट उत्तर सापडलेले नाही. उपयोगी परिणाम आणि इजा यांच्यातली सीमा कशाने ठरते, हेही कोणी विस्ताराने सांगितले तर मी आभारी राहीन.

ध्वनिवेध

मुक्ताताई, तुमच्या प्रश्नातील पहिल्या भागाचे, म्हणजे यांत्रिक बाजूचे, उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. पेशींच्या प्रतिसादाविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या ध्वनीची ऊतींमधील तरंगलांबी सुमारे दीड मिलिमीटर असते, तर बुडबुडा तिच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्यामुळे ध्वनिलहर बुडबुड्यावर ‘आदळते’ हे चित्रच चुकीचे आहे. बुडबुड्याच्या दृष्टीने सभोवतालचा सगळा दाब एकदम चढतो आणि एकदम उतरतो. रक्त आणि ऊती जवळजवळ असंपीड्य आहेत, म्हणजे दाबल्या तरी आक्रसत नाहीत; वायू मात्र अत्यंत संपीड्य आहे. म्हणून ज्या दाबाने शेजारची पेशी नावापुरतीही दबत नाही, त्याच दाबाने बुडबुड्याचे आकारमान कित्येक पटींनी बदलते, आणि ही हालचाल भोवतीच्या द्रवामार्फत भिंतीपर्यंत पोहोचते. म्हणजे मुळात भिंतीवर काम करतो तो बुडबुडा. ध्वनी केवळ त्याला ऊर्जा पुरवतो.

यात निसर्गाने एक सोयीचा योगायोग साधला आहे. मिनार्टने १९३३ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे पाण्यातील हवेच्या बुडबुड्याची त्रिज्या आणि त्याची नैसर्गिक वारंवारिता यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर असतो : त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर सुमारे ३.२६ किलोहर्ट्झ, आणि १ मायक्रोमीटर असेल तर सुमारे ३.२६ मेगाहर्ट्झ. सूक्ष्म आकारात पृष्ठताण आणि कवचाचा ताठरपणा यांमुळे प्रत्यक्ष आकडा आणखी वर सरकतो, तरी तो वैद्यकीय अल्ट्रासाउंडच्या पट्ट्यातच राहतो. फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतून निसटू शकेल इतका लहान बुडबुडा नेमका आपल्या यंत्रांच्या वारंवारितेलाच अनुनाद देतो, आणि या साऱ्या तंत्राचा पाया तोच आहे.

आता भिंतीकडे वळू. कमी दाबाला बुडबुडा लयबद्ध फुगतो-आक्रसतो आणि हजारो आवर्तने टिकू शकतो; याला स्थिर कॅव्हिटेशन म्हणतात. दाब वाढवत नेला की एका टप्प्यानंतर प्रसरण इतके मोठे होते की परतीच्या वाटेवर भोवतालच्या द्रवाचे जडत्व बुडबुड्याला जोराने चिरडते आणि त्याचे तुकडे होतात. हे जडत्वीय कॅव्हिटेशन. पहिल्या प्रकारात भिंतीवर मुख्यतः दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे बुडबुड्याभोवती सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात आणि त्यांच्यामुळे पेशींच्या पृष्ठभागावर कर्तन ताण, म्हणजे पृष्ठभागाला समांतर घासणारा ताण, येतो. दुसरी म्हणजे अरुंद वाहिनीत बुडबुडा फुगताना भिंत बाहेर ढकलली जाते आणि आक्रसताना आत ओढली जाते. दुसऱ्या प्रकारात यांच्या जोडीला आघातलहरी आणि द्रवाच्या धारा येतात.

कर्तन ताणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. धमन्यांमध्ये रक्ताच्या नेहमीच्या प्रवाहामुळे एंडोथेलियल पेशींना, म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना, साधारण १ ते ७ पास्कल इतका ताण सोसावा लागतो. संवर्धित पेशींवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात पेशीपटलाला छिद्र पडण्यासाठी बुडबुड्याने निर्माण केलेला कर्तन ताण सुमारे १ किलोपास्कलच्या वर जावा लागतो असे दिसले. आकडा भयंकर वाटतो, पण तो प्रत्येक आवर्तनात मायक्रोसेकंदाच्या अंशापुरताच टिकतो आणि पेशीच्या एखाद्या कोपऱ्यावरच पडतो, हे विसरून चालणार नाही.

आता तुमच्या ‘धार भिंतीला भोक पाडते’ या वाक्याविषयी. हे चित्र बहुधा जहाजांच्या पंख्यांच्या झिजेवरून आले असावे. कठीण पृष्ठभागाजवळ बुडबुडा कोसळताना धार पृष्ठभागाकडेच जाते, आणि धातूला खड्डे पडतात. रक्तवाहिनी मात्र धातूची नाही. मऊ, लवचीक सीमेजवळ धारेची दिशा उलटू शकते. २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदराच्या शरीरातून वेगळ्या काढलेल्या आंत्रपटलाच्या (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या) सूक्ष्म वाहिन्यांमध्ये काळ्या शाईत मिसळलेले बुडबुडे सोडले होते, आणि १ मेगाहर्ट्झच्या अत्यंत लहान स्पंदाखाली त्यांची अतिवेगवान छायाचित्रे घेतली होती. त्या चौकटी एकामागून एक पाहण्यासारख्या आहेत. आधी वाहिनी सरळ, गडद पट्ट्यासारखी दिसते. मग मध्ये बुडबुडा उजळ गोळ्यासारखा फुगतो आणि दोन्ही काठ किंचित बाहेर येतात. त्यानंतर बुडबुडा कोसळतो आणि जवळचा काठ आत खेचला जातो, तोही आधी जितका बाहेर गेला होता त्याहून जास्त. द्रवाची धार दिसली, पण ती जवळच्या भिंतीपासून दूर जाताना दिसली.

यावरून मला जे वाटते ते स्पष्टच सांगतो. लहान वाहिन्यांच्या इजेत भिंत बाहेर फुगण्यापेक्षा आत ओढली जाण्याचा वाटा मोठा आहे. भिंत बाहेर ढकलली गेली तर पाठीमागच्या ऊती तिला आधार देतात. ती आत ओढली गेली तर आतून टेकू द्यायला काहीच नसते, आणि आतला पेशीस्तर बाहेरच्या थरांपासून सुटा होण्याची भीती निर्माण होते. मात्र त्या प्रयोगांतील ऋण दाब, म्हणजे लहरीच्या ओढीच्या टप्प्यातला दाब, ०.८ ते ७.२ मेगापास्कल असा चढा होता, आणि उपचारात सामान्यतः याहून बराच कमी दाब वापरतात. म्हणून ती छायाचित्रे चर्चासत्रात दाखवाल तेव्हा दाबाचा आकडा त्याच पानावर लिहावा, नाहीतर प्रत्येक इंजेक्शनला असे घडते असा ऐकणाऱ्यांचा गैरसमज होईल.

वाहिनीच्या रुंदीचाही मोठा प्रभाव पडतो. केशवाहिनी ५ ते १० मायक्रोमीटर रुंद असते. २ मायक्रोमीटरचा बुडबुडा तिप्पट फुगला तरी तो भिंतीला जवळपास टेकतो. उलट अशा अरुंद जागेत त्याला मोकळ्या द्रवाइतके फुगताही येत नाही. मोठ्या वाहिनीत तो मनसोक्त फुगतो, पण भिंतीपासून दूर असल्यामुळे परिणाम पोहोचत नाही. फक्त ध्वनीचा प्रारणदाब, म्हणजे लहरीचा पुढे ढकलणारा जोर, त्याला हळूहळू स्रोतापासून दूरच्या भिंतीकडे सरकवतो. म्हणून एकाच दाबाखाली एकाच ऊतीतल्या दोन शेजारी वाहिन्यांचे वर्तन वेगळे दिसले, तर त्यात आश्चर्य नाही.

पेशीरंग

ध्वनिवेध यांनी यांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे. मी पेशीच्या बाजूने लिहिते. ‘उसवतात की पेशी सैल करतात’ असा पर्याय मुक्ता यांनी ठेवला आहे. दोन्ही घडते, आणि कोणते अधिक घडेल ते मुख्यतः दाब आणि बुडबुड्यांची मात्रा यांवर अवलंबून असते. परंतु उपचारात जो पट्टा वापरला जातो त्यात पेशीच्या स्वतःच्या प्रतिसादाचा वाटा फार मोठा आहे, आणि लोकप्रिय लेखांत नेमका तोच गाळला जातो.

पेशीपटलापासून सुरुवात करू. बुडबुडा पेशीला चिकटून थरथरतो तेव्हा पटलाला तात्पुरते छिद्र पडू शकते. त्यातून बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, आणि पटल पुन्हा सांधायला लागणारी यंत्रणा त्याच कॅल्शियममुळे जागी होते; बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकले तर छिद्र मिटत नाही. छिद्र लहान असेल तर ते काही सेकंदांत ते मिनिटाच्या आसपास बंद होते. मोठे असेल तर पेशी मरते, यातही दुमत नाही. कॅल्शियमची लाट शेजारच्या पेशींपर्यंतही पसरते, म्हणजे बुडबुड्याने ज्यांना स्पर्शही केलेला नाही अशा पेशी प्रतिसादात सामील होतात. शिवाय पदार्थ पेशीत शिरण्याची वाट केवळ छिद्रांची नसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या आकारांचे डेक्स्ट्रॅन (शर्करेच्या साखळीचे रेणू) वापरून असे दिसले की लहान रेणू छिद्रांतूनही शिरतात, तर मोठे रेणू प्रामुख्याने एंडोसायटोसिसने, म्हणजे पेशीने स्वतः गिळून, आत घेतले जातात. तुमच्या ‘कोणत्या वाटेने’ या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर झाले.

उरलेले अर्धे उत्तर मेंदूच्या वाहिन्यांत सापडते, कारण तेथील भिंत सर्वांत कडेकोट आहे. एकाग्र केलेला अल्ट्रासाउंड आणि रक्तातील बुडबुडे यांच्या साहाय्याने हा अडथळा ऊतींना फारशी इजा न करता उघडता येतो, हे हायनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांवर दाखवले. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले गेले त्यातून एकाहून अधिक वाटा समोर आल्या : ऑक्लुडिन, क्लॉडिन-५ आणि झेडओ-१ या टाइट जंक्शनमधील, म्हणजे पेशींमधल्या घट्ट सांध्यांतील, प्रथिनांचे प्रमाण काही तासांपुरते घटते आणि सांध्यातून गळती होते, पेशीच्या आरपार वाहतूक करणाऱ्या पुटिकांची (सूक्ष्म पिशव्यांची) संख्या वाढते, आणि दाब चढा असेल तर काही ठिकाणी पेशीस्तरातच खिंड पडते. सांध्यांतील प्रथिने साधारण २४ तासांच्या आत पूर्वस्थितीला येतात. पारगम्यता त्याआधीपासूनच घसरू लागते आणि मोठ्या रेणूंसाठी दार लहान रेणूंच्या आधी बंद होते. औषध मोठे असेल, उदाहरणार्थ प्रतिपिंड, तर ते केव्हा द्यायचे हे ठरवताना ही बाब निर्णायक ठरते.

जिवंत प्राण्याच्या मेंदूत दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने रंगद्रव्याची गळती पाहिली तर ती दोन तऱ्हांची दिसते. एका तऱ्हेत वाहिनीच्या एखाद्या बिंदूतून रंग झटकन उसळतो. दुसरीत ध्वनी थांबल्यावरही वाहिनीच्या लांबीभर रंग सावकाश पाझरत राहतो. पहिली तऱ्हा चढ्या दाबाला अधिक आढळते. ती स्थानिक फाट असावी आणि दुसरी पेशीच्या प्रतिसादातून आलेली असावी, असे मानायला चांगला आधार आहे. तुमच्या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या वाचनांचा मेळही येथेच बसतो : एक लेख पहिल्या तऱ्हेबद्दल बोलतो आहे, दुसरा दुसरीबद्दल.

मेंदूबाहेरच्या वाहिन्यांकडे बहुतेक चर्चांमध्ये दुर्लक्ष होते, म्हणून त्याविषयी थोडे. स्नायूंमध्ये बुडबुड्यांच्या कॅव्हिटेशनमुळे एटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणू पेशींबाहेर येतो, त्याच्या संकेतांतून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, वाहिन्या रुंदावतात आणि रक्तपुरवठा लक्षणीय वाढतो. रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवांसाठी याचा उपयोग व्हावा म्हणून संशोधन चालू आहे. याच्या उलट, कर्करोगाच्या गाठीतील वाहिन्यांची भिंत मुळात कच्ची असते. तेथे एंडोथेलियल पेशींच्या पटलात सेरामाइड हा मेदपदार्थ साठतो, पेशी मरणाच्या मार्गाला लागतात आणि गाठ किरणोपचाराला अधिक दाद देते, असे प्राण्यांमध्ये २०१२ मध्ये दाखवले गेले. एका ठिकाणी भिंतीला जपायचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती मुद्दाम मोडायची आहे. यंत्र तेच, बुडबुडेही तेच.

जळजळीबद्दल एक इशारा देऊन थांबते. २०१७ मध्ये एका गटाने उंदरांमध्ये अडथळा उघडल्यावर निर्जंतुक दाह होतो, त्यात एनएफ-कप्पा-बी या दाह चेतवणाऱ्या संकेतमार्गाचा सहभाग असतो, असे प्रसिद्ध केले आणि त्यावरून बरीच खळबळ झाली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की दाहाचे प्रमाण बुडबुड्यांच्या मात्रेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि वैद्यकीय तपासणीच्या पातळीवरील मात्रेत तो बराच कमी राहतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. मात्रा न सांगता त्यांतला एकच उद्धृत करणे मात्र अप्रामाणिक आहे.

मुक्ता

आपल्या दोघांच्या उत्तरांमुळे गुंता बराच सुटला. भिंत बाहेर फुगण्यापेक्षा आत ओढली जाते, हा मुद्दा मी कोठेही वाचलेला नव्हता. आता दोन नेमक्या शंका उरल्या आहेत. पहिली, रोजच्या इकोकार्डिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या अल्ट्रासाउंड तपासणीत, हेच बुडबुडे वापरतात, तर तेथे भिंतीला काहीच होत नाही असे म्हणता येईल का? दुसरी, यंत्राच्या पडद्यावर दिसणारा मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे एमआय, हा सुरक्षिततेचा पुरेसा मापक मानावा का? दाब किती हे सांगितले तरी स्पंद किती लांब, किती वेळा, हेही महत्त्वाचे असणार असे वाटते.

हृत्स्पंद

मी इकोकार्डिओग्राफी करतो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देतो. बुडबुड्यांसह नेहमीची तपासणी करताना आम्ही एमआय साधारण ०.१ ते ०.२ च्या आसपास ठेवतो, आणि त्यामागचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे : याहून वर गेलो तर बुडबुडे फुटून प्रतिमाच नाहीशी होते. म्हणजे चांगली प्रतिमा मिळवण्याची गरज आणि भिंतीची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी आम्हाला एकाच दिशेने ओढतात, हे या तंत्राचे सुदैव आहे. या पातळीवर भिंतीला इजा होते असे मानायला आधार नाही.

अपवाद एकच, आणि तो आम्ही जाणूनबुजून करतो. हृदयस्नायूतील रक्तप्रवाह मोजायचा असेल तर क्षणभर एमआय १ च्या आसपास नेऊन त्या प्रतलातील सगळे बुडबुडे फोडतो आणि नवे बुडबुडे किती वेगाने परत भरतात ते पाहतो. पडद्यावर हृदयस्नायू एका ठोक्यात काळा पडतो आणि पुढच्या काही ठोक्यांत राखाडी होत पुन्हा उजळतो; जेथे धमनी अरुंद झालेली आहे तो भाग मागे रेंगाळतो. चढ्या एमआयच्या या पट्ट्यात परिणाम शून्य असतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९९८ मध्ये उंदरांच्या पाठीच्या पातळ स्नायूवर केलेल्या प्रयोगांत बुडबुडे फोडल्यावर केशवाहिन्या फाटून लाल रक्तपेशी बाहेर आलेल्या थेट सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या होत्या. माणसांमध्ये २००० साली असे नोंदवले गेले की हृदयाच्या आकुंचनाच्या शेवटी चढ्या एमआयचा स्पंद दिला तर काही निरोगी व्यक्तींत अवेळी ठोके पडतात. म्हणून असे स्पंद मोजकेच आणि गरजेपुरतेच द्यावेत, असा आमचा शिरस्ता आहे.

एक गोंधळ टाळावा. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००७ मध्ये बुडबुड्यांच्या या औषधांवर कडक इशारा छापायला लावला आणि २००८ मध्ये त्यातील काही निर्बंध शिथिल केले, याचा उल्लेख तुम्हाला वाचनात सापडेल. तो इशारा इंजेक्शननंतर लगेच येणाऱ्या हृदय-श्वसनाच्या प्रतिक्रियांबद्दल होता. ध्वनीमुळे भिंतीला होणाऱ्या इजेशी त्याचा संबंध नाही. बुडबुड्यांतला वायू तर फार लवकर निघून जातो; सल्फर हेक्झाफ्लोराइडचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दोन मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो.

ध्वनिवेध

दुसऱ्या शंकेबद्दल. एमआय म्हणजे ऋण दाबाचे शिखरमूल्य मेगापास्कलमध्ये घेऊन त्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेच्या वर्गमुळाने भागणे. निदानाच्या यंत्रांसाठी त्याची वरची मर्यादा १.९ आहे, पण ती मर्यादा रक्तात आधीपासून बुडबुडे सोडलेले आहेत असे गृहीत धरून ठरवलेली नाही. बुडबुडे असतील तर परिणाम त्याच्या कितीतरी खाली सुरू होतात. मेंदूतील अडथळा उघडण्याचा उंबरठा ०.२६ ते २.०४ मेगाहर्ट्झ इतक्या रुंद पट्ट्यात एमआय ०.४६ च्या आसपास येतो, असे २००८ मध्ये सशांवरील प्रयोगांतून मांडले गेले. हिशेब करून पाहा : २६० किलोहर्ट्झला हा उंबरठा सुमारे २३५ किलोपास्कलवर येतो, तर १ मेगाहर्ट्झला ४६० किलोपास्कलवर. त्यामुळे एका वारंवारितेचा दाब दुसरीला जसाच्या तसा लावण्यात मोठाच धोका आहे.

तरीही एमआय पुरेसा नाही, हा तुमचा संशय अगदी रास्त आहे. त्यात स्पंदाची लांबी येत नाही, दर सेकंदाला किती स्पंद दिले ते येत नाही, बुडबुड्यांची मात्रा आणि आकार येत नाहीत, वाहिनीची रुंदी येत नाही. इकोचा स्पंद एखाद्या मायक्रोसेकंदाचा असतो. मेंदूतील अडथळा उघडताना पुष्कळदा १० मिलिसेकंदांचे स्पंद साधारण सेकंदाला एक या गतीने दिले जातात. दोन्हीकडे एमआय सारखा असला तरी भिंतीला सोसावी लागणारी आवर्तने हजारो पटींनी वेगळी असतात. दोन स्पंदांमध्ये विश्रांती ठेवण्याचेही कारण आहे : फुटलेल्या बुडबुड्यांच्या जागी नवे वाहून यायला वेळ लागतो, विशेषतः केशवाहिन्यांत.

शिवाय कवटी. तिच्या जाडीतील फरकांमुळे आत प्रत्यक्ष किती दाब पोहोचला हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, आणि कमी वारंवारितेला कवटीच्या आत परावर्तन होऊन स्थिर लहरी, म्हणजे काही ठरावीक जागी दाब वाढवणाऱ्या लहरी, तयार होतात. पक्षाघातात गुठळी विरघळवण्यासाठी ३०० किलोहर्ट्झचा ध्वनी वापरणारी एक चाचणी २००५ मध्ये मेंदूतील रक्तस्राव वाढल्यामुळे चर्चेत आली. तिच्यात बुडबुडे सोडलेलेही नव्हते; स्थिर लहरींवर संशय आहे तो त्यामुळेच.

म्हणून आता दाब आधी ठरवून देण्याऐवजी बुडबुड्यांचाच आवाज ऐकण्याकडे कल आहे. उपचार चालू असताना दुसरा संवेदक बुडबुड्यांतून परत येणारा ध्वनी टिपतो आणि त्याचा वर्णपट पडद्यावर दिसतो. आधी फक्त मूळ वारंवारितेची आणि तिच्या पूर्णांक पटींची शिखरे असतात. दाब वाढवला की त्यांच्या मधोमध, दीडपट आणि अडीचपट जागी, बारीक शिखरे उगवतात. बुडबुडे जोमाने पण अखंड थरथरत असल्याची ही खूण. आणखी वाढवला की शिखरांमधली सपाट जमीनच वर उचलली जाते. याचा अर्थ जडत्वीय कॅव्हिटेशन सुरू झाले आणि भिंतीला धोका आहे. २०१२ मध्ये उंदरांवर वापरलेल्या एका पद्धतीत ती मधली शिखरे दिसेपर्यंत दाब पायरीपायरीने वाढवला जातो आणि ती दिसताच तो निम्म्यावर आणून उरलेला उपचार त्याच दाबाने केला जातो. कवटी किती जाड आहे हे ठाऊक नसले तरी ही पद्धत चालते, हे तिचे खरे बळ आहे.

पेशीरंग

माणसांतील अनुभवाबद्दल मुक्ता यांनी विचारलेले नाही, पण चर्चासत्रात कोणीतरी विचारेलच. टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये मेंदूच्या गाठीच्या रुग्णात कवटीबाहेरून, एकाग्र ध्वनीने हा अडथळा प्रथम उघडण्यात आला. पॅरिसमधील गटाने कवटीतच बसवलेल्या छोट्या उपकरणाने कार्बोप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध देताना तो वारंवार उघडला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २०१८ मध्ये अल्झायमरच्या पाच रुग्णांवरील सुरक्षितता चाचणी प्रसिद्ध झाली, तर २०२४ च्या आरंभी अल्झायमरच्या तीन रुग्णांत अ‍ॅड्युकॅन्युमॅब या प्रतिपिंडाबरोबर अडथळा उघडल्यावर त्या भागातील अमायलॉइड (या आजारात मेंदूत साठणारे प्रथिन) इतर भागांपेक्षा जास्त घटल्याचे नोंदवले गेले. रुग्णसंख्या फारच लहान आहे, हे प्रत्येक वेळी म्हणावे लागेल.

चर्चासत्रासाठी एक सूचना. या अभ्यासांत अडथळा उघडल्याचा पुरावा म्हणून गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे द्रव्य वापरून केलेला एमआरआय दाखवतात आणि इजा झाली का हे पाहायला टी-२-स्टार प्रतिमा घेतात, कारण तिच्यात सूक्ष्म रक्तस्राव काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. गॅडोलिनियमचा रेणू प्रतिपिंडाच्या मानाने फारच लहान असतो. त्यामुळे प्रतिमा उजळली म्हणजे प्रतिपिंडही तेवढेच आत गेले असा अर्थ कोणी काढला, तर त्याला औषधाच्या आकाराबद्दल आणि ते ध्वनीनंतर किती वेळाने दिले याबद्दल अवश्य विचारावे.